नोंदणीपासून अठराव्या महिन्यापर्यंत: आईचा एचआयव्ही बाळाला होऊ नये म्हणून गावात काय करायचं

आईला एचआयव्ही आहे आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजण्याचा काळ मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. आईच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या, तिनं त्या न चुकवता घेतल्या आणि बाळालाही औषध मिळालं, तर अंगावर पाजूनसुद्धा हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. गोळ्या सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधांचा उपचार) केंद्रात फुकट मिळतात. 2014 पासून भारतात प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर मातेला, सीडी-4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचं प्रमाण) कितीही असो, आयुष्यभराची एआरटी सुरू केली जाते.

एवढं असूनही एखादं बाळ पॉझिटिव्ह निघतं तेव्हा बहुतेक वेळा औषध कमी पडलेलं नसतं. बाई एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्येच निसटलेली असते. उपकेंद्रातून आयसीटीसीत (एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात) जाताना, सासरहून माहेरी जाताना, प्रसूती कक्षातून घरी येताना, गाव सोडून ऊसतोडीला निघताना. हा मजकूर आशाताई, नर्सताई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि घरातल्या जाणत्या माणसांसाठी आहे, आणि त्यात सगळा भर या सांध्यांवर आहे.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत

‘तिसरा महिना सरल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही’ हा रिवाज बऱ्याच घरांत आहे. तो मोडायला सांगून उपयोग नसतो. आशाताईला सांगणं म्हणजे गावाला सांगणं नव्हे, एवढं पटवलं की काम होतं. पाळी चुकली की आशाताईकडच्या निश्चय किटनं लघवीची तपासणी करायची आणि त्याच आठवड्यात उपकेंद्रात नोंद करून माता बाल संरक्षण कार्ड घ्यायचं.

पुढच्या तपासण्या कमीत कमी चार: पहिली 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26, तिसरी 28 ते 34 आणि चौथी 36 आठवड्यांनंतर. यांतली एक तरी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे व्हावी. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, तो त्यासाठी सोयीचा.

पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवीतली साखर व प्रथिनं, 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर, कावीळ ब, सिफिलिस आणि एचआयव्ही. पालघर, नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या पट्ट्यात सिकलसेलही. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. आधीच्या गरोदरपणाला तीन वर्षं झाली नसतील आणि तेव्हा दोन्ही डोस झाले असतील तर एकच बूस्टर. रक्तदाब 140/90 किंवा वर, हिमोग्लोबिन 7 च्या खाली, किंवा दोन तासांची साखर 140 किंवा वर गेली तर बाईला घरी न पाठवता डॉक्टरांकडे पाठवायचं. सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत.

एचआयव्हीची तपासणी या यादीतली एक म्हणूनच सांगायची. आवाज बारीक करून, दार लोटून ‘आणखी एक तपासणी आहे बरं का’ असं म्हटलं की बाई बिचकते. ‘सगळ्याच गरोदर मातांची करतो, तुमचीही करू. नको असेल तर सांगा,’ एवढं पुरतं. नको म्हणायचा हक्क तिला खराच आहे. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तिच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. ती आज नको म्हणाली तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचं, भांडायचं नाही.

बोटाच्या थेंबाची तपासणी

उपकेंद्रात आणि गावातल्या सत्रात एचआयव्ही व सिफिलिस दोन्ही एकाच पट्टीवर दाखवणारं किट मिळतं. काम सोपं दिसतं, म्हणून चुका होतात.

किटवरची मुदत आधी बघायची. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात खोलीचं तापमान चाळिशी ओलांडतं, आणि बहुतेक किट 2 ते 30 अंशांत ठेवायची असतात. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा खिडकीशी पडलेलं किट खोटा निगेटिव्ह देऊ शकतं, आणि इथं खोटा निगेटिव्ह सगळ्यात महाग पडतो. मधलं किंवा अनामिका बोट घ्यायचं. स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटमध्ये रक्त पातळ होतं. टोकाच्या बाजूला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा थेंब नळीत घ्यायचा. पट्टीवर रक्त आणि बफर किती आणि निकाल किती मिनिटांनी वाचायचा, ते त्या कंपनीच्या कागदावर असतं. कंपनी बदलली की वेळही बदलते, म्हणून जुन्या सवयीनं वाचू नये. घड्याळ समोर ठेवायचं. कंट्रोलची रेघ उमटली नाही तर ती पट्टी बाद, नवी घ्यायची. रेघ फिकट असली तरी ती रेघच, ‘जरा शंका आहे, बघू पुढच्या वेळी’ असं नाही.

निगेटिव्ह आलं म्हणजे विषय संपत नाही. नवरा पॉझिटिव्ह आहे, नवरा महिनोन् महिने बाहेर राहतो, बाईला योनीमार्गाचा संसर्ग वारंवार होतो, अशा वेळी सहाव्या महिन्यानंतर पुन्हा तपासणी करायची. लागण अगदी नवी असते तेव्हा रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतात. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नव्यानं लागण झालेल्या आईच्या बाळाला म्हणून धोकाही सर्वांत मोठा. अशा जोडप्याला कंडोम गरोदरपणातही लागतो, हे कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं.

सिफिलिसची रेघ आली तर ती एचआयव्हीच्या धास्तीत विसरून जाऊ नये. बेन्झाथिन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका इंजेक्शनानं बाळ वाचतं. आजार जुना किंवा किती जुना ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन इंजेक्शनं. नवऱ्यालाही उपचार.

रिॲक्टिव्ह आली, आता?

रिॲक्टिव्ह म्हणजे पट्टीवर एचआयव्हीची रेघ उमटली. पहिला सांधा हाच. उपकेंद्रातली रेघ हा अंतिम निकाल नाही. आयसीटीसीत शिरेतलं रक्त घेऊन तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी होते आणि मगच पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून उपकेंद्रात ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ हे वाक्य बोलायचंच नाही. ‘या तपासणीत काही दिसतंय, खात्रीसाठी ग्रामीण रुग्णालयात रक्त द्यावं लागेल, मी बरोबर येते,’ असं म्हणायचं.

‘मी बरोबर येते’ हे शब्द नुसते सांत्वनाचे नाहीत. चिठ्ठी हातात देऊन पाठवलेली बाई आयसीटीसीत पोचेलच असं नाही. पोचली तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभी राहते, चिठ्ठी तिसऱ्याच्या हातात जाते, ती घाबरून परत फिरते. आदल्या दिवशी समुपदेशकाला फोन करून वेळ ठरवावी, खोली नंबर विचारून ठेवावा, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी, नाहीतर त्याच आठवड्यात न्यावं. आयसीटीसीत पोचल्याची खात्री होईपर्यंत आपल्या डायरीत तो विषय उघडाच ठेवायचा.

घरी कुणाला सांगायचं, हे तिनं ठरवायचं. सासूला, जावेला, नवऱ्यालासुद्धा परस्पर सांगणं कायद्याविरुद्ध तर आहेच, पण त्यानं बाईला घराबाहेर काढलं जातं आणि उपचारही तुटतात. समुपदेशक नवऱ्याला बोलावून दोघांना एकत्र समजावतात. तो मार्ग जास्त चालतो. माता बाल संरक्षण कार्डावर मोठ्या अक्षरात काही लिहू नये. ते कार्ड घरात सगळे हाताळतात, अंगणवाडीत जातं, लसीकरणाच्या रांगेत शेजारणीच्या हातात असतं. शंका असेल तर 1097 ही हेल्पलाइन फुकट आहे आणि नाव विचारत नाही.

नवऱ्याची आणि आधीच्या मुलांची तपासणीही याच आठवड्यात सुरू करावी. चार वर्षांचं पोर वरचेवर आजारी पडतंय आणि कुणाच्या लक्षातच आलेलं नाही, असं घडतं.

गोळ्या: एक जांभई आणि एक जेवण

आयसीटीसीतून एआरटी केंद्र किंवा जवळचं लिंक एआरटी केंद्र. वजन, टीबीची चार लक्षणं (खोकला, ताप, वजन न वाढणं, रात्री घाम), क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, सीडी-4 हे सगळं बघतात, पण रिपोर्टसाठी गोळ्या थांबवत नाहीत. महिना कितवाही असो, शक्य तर त्याच दिवशी सुरू. टीएलडी नावाची एकच गोळी असते: टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम. दिवसातून एकदा, रोज त्याच वेळी. टीबीवर रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरची जादा गोळी बारा तासांनी लागते. ते एआरटीच्या डॉक्टरांना आठवणीनं सांगायचं.

आता खरी गोम. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही असतात. लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी (60 मिलिग्रॅम लोह) चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 14 आठवड्यांपासून. लोह आणि कॅल्शियम, दोन्ही डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच बांधून ठेवतात. रिकाम्या पोटी तिन्ही गोळ्या एकत्र गिळल्या तर टीएलडी रक्तात पुरेशी उतरत नाही. बाई मनापासून रोज गोळी घेत असते आणि विषाणू मात्र कमी होत नाहीत. दोष तिच्या माथी येतो.

नियम असा: टीएलडी ही लोह-कॅल्शियमच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. शेतावर जाणाऱ्या बाईला जमेल असा दिवस पुढीलप्रमाणे लावता येतो.

सकाळी 7: टीएलडी.
सकाळी 10, भाकरी खाल्ल्यावर: कॅल्शियम.
दुपारी 4, जेवणानंतर दोनेक तासांनी: लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर.
रात्री 8, जेवल्यावर: दुसरी कॅल्शियम.

लोह आणि कॅल्शियमही एकत्र घ्यायचे नाहीत, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. चहा सोडवणं सगळ्यात अवघड, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. एखाद्या दिवशी वेळापत्रक फिसकटलं तर एक पळवाट आहे: भरपेट जेवणाबरोबर टीएलडी आणि कॅल्शियम किंवा लोह सोबत घेतलं तरी चालतं, रिकाम्या पोटी मात्र नाही.

टीएलडी सकाळी लावण्याचं आणखी एक कारण आहे. डोल्युटेग्रॅव्हिरनं काहींची झोप उडते. रात्री गोळी घेऊन पहाटेपर्यंत कूस बदलणारी आणि दिवसभर जांभया देणारी बाई पंधरा दिवसांत गोळीच बंद करते. रात्रीची वेळ दिली असेल आणि झोप येत नसेल तर सकाळची करून घ्यायची, एवढंच. सुरुवातीची मळमळ दोन-तीन आठवड्यांत ओसरते. गोळी घेतल्या घेतल्या उलटीत पडली तर पुन्हा एक घ्यायची. विसरली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.

महिन्याच्या तीस गोळ्यांत दोन चुकल्या तरी आपण अपेक्षित 95 टक्क्यांच्या खाली येतो. म्हणून डबी मोजायची सवय ठेवा: किती दिल्या, किती दिवस झाले, किती उरल्या. बाईवर अविश्वास म्हणून नव्हे. तिच्यादेखत, तिच्याच हातानं. डबीवरची चिठ्ठी काढून गोळ्या दुसऱ्या डबीत ठेवायला हरकत नाही, ओल लागणार नाही आणि झाकण घट्ट बसेल एवढं बघावं.

एआरटी केंद्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट 2023 पासून आहे. एचआयव्हीबाधितांसाठी एसटीची वेगळी सवलतही आहे, पण तिचं ओळखपत्र कंडक्टरसमोर काढावं लागतं. गावच्याच गाडीत कंडक्टर ओळखीचा असेल तर अर्धं तिकीट काढून मुकाट जाणं बायकांना बरं वाटतं, आणि त्यात चूक काही नाही.

माहेर आणि फड

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात जाते. गोळ्यांची डबी बरोबर जाते, पण तिकडच्या नर्सताईला काहीच ठाऊक नसतं, आणि माहेरच्या घरी सांगितलेलं असेलच असं नाही. म्हणून पाचव्या महिन्यातच विचारायचं: बाळंतपण कुठे? माहेरचं गाव, तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जवळचं एआरटी केंद्र लिहून घ्यायचं. एआरटी केंद्रातून तिकडच्या केंद्राकडे बदली करून घेता येते किंवा दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. हिरवं पुस्तक, म्हणजे एआरटीच्या नोंदींची वही, तिच्याजवळ हवं. समुपदेशकानं तिच्या संमतीनं तिकडच्या समुपदेशकाला फोन करणं हा यातला सर्वांत पक्का धागा, कागदापेक्षा पक्का.

ऊसतोडीचं गणित वेगळं. बीड, अहिल्यानगर, जालना या बाजूची जोडपी दिवाळीच्या सुमारास सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. पाच-सहा महिने खोपीत. मोळ्या वाहणारी गरोदर बाई कामाच्या दिवशी दवाखाना गाठत नाही, कारण त्या दिवसाचा खाडा उचलीतून कापला जातो. निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात गावातल्या सगळ्या गरोदर बायांची यादी करून तपासणी उरकून घ्यावी, गोळ्यांचा साठा द्यावा आणि कारखान्याच्या परिसरातल्या एआरटी केंद्राचं नाव हिरव्या पुस्तकात लिहून द्यावं. फडावर वेळ कशाला बांधायची? पहाटे टोळी उठते तेव्हाच टीएलडी. पुढची लोह-कॅल्शियमची वेळ आपोआप सुटी राहते.

बत्तिसावा आठवडा

बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते मोजणं. ही तपासणी आईसाठी आहेच, पण खरं म्हणजे तिच्यावर बाळाचं औषध ठरतं. निकाल 1000 च्या खाली असेल तर बाळ कमी धोक्याचं. 1000 किंवा वर असेल, तपासणी झालीच नसेल, आईनं एआरटी घेतली नसेल किंवा बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत तिचा एचआयव्ही नव्यानं कळला असेल, तर बाळ जास्त धोक्याचं धरायचं. तारीख उलटी मोजून कॅलेंडरवर आजच खूण करा. आठव्या महिन्यात बाई माहेरी असते, म्हणून हीच तपासणी सर्वांत जास्त राहून जाते.

त्याच सुमारास प्रसूती जिथे व्हायची त्या दवाखान्यात जाऊन एकच गोष्ट बघायची: बाळाचं नेव्हिरॅपिन सिरप प्रसूती कक्षात आहे का, मुदत संपलेली नाही ना, आणि रात्री त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते. शनिवारी रात्री बाळ जन्मलं आणि सिरप औषध भांडारात कुलुपात, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

बाळंतपण

एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करायचं नसतं. ते प्रसूतीच्या कारणानं लागलं तरच. घरी मात्र बाळंतपण नको. कळांमध्येही टीएलडीची वेळ आली की गोळी द्यायची. पाणमोट मुद्दाम फोडायची नाही, गरज नसताना छेद किंवा चिमटा नाही, वारंवार आतून तपासणी नाही. नाळ पिळून रक्त बाळाकडे सरकवायचं नाही, कापताना वर गॉज धरायचा म्हणजे रक्त उडत नाही. बाळाला कोरडं करून रक्त पुसून आईच्या उघड्या अंगावर द्यायचं. हातमोजे, चष्मा, एप्रन हे सगळ्याच बाळंतपणांत वापरायचं असतं. एकाच बाईसाठी दोन-दोन मोजे चढवले आणि खाटेवर पाटी लावली की तिचं गुपित वॉर्डभर झालं.

तपासणीच न झालेली बाई कळा घेऊन थेट आली तर तिथल्या तिथे बोटाची तपासणी. रिॲक्टिव्ह आली तर खात्रीची वाट न बघता आईला टीएलडी आणि बाळाला जास्त धोक्याचं औषध. पक्की तपासणी सकाळी.

बाळाचं सिरप

नेव्हिरॅपिनच्या सिरपमध्ये 1 मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं. पहिला डोस जन्मल्यावर होईल तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच. मग रोज एकदा, सहा आठवडे.

अडीच किलोच्या वर: 1.5 मिलि.
दोन ते अडीच किलो: 1 मिलि.
दोन किलोच्या खाली: किलोमागे 2 मिलिग्रॅम, म्हणजे 1.5 किलोच्या बाळाला 0.3 मिलि.

शेवटचा आकडा नीट वाचा. 0.3 च्या जागी 3 मिलि दिलं तर दहापट होतं. चमच्यानं द्यायचं नाही. सुई काढलेली 1 किंवा 2 मिलिची सिरिंज, त्यावर पेनानं खूण, आणि डिस्चार्जच्या आधी आईनं किंवा आजीनं आपल्यासमोर एकदा भरून दाखवायचं. गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडायचं. 1.5 मिलि गुणिले 42 दिवस म्हणजे 63 मिलि. घरी देत असलेल्या बाटल्यांत एवढं आहे का, आणि बाटली उघडल्यावर किती दिवस चालते, ते लेबलवर बघून मगच बाळाला घरी सोडा.

जास्त धोक्याच्या बाळाला नेव्हिरॅपिनबरोबर झिडोव्हुडिनही, तेही दिवसातून दोनदा. अंगावर पीत असेल तर दोन्ही औषधं बारा आठवडे. फक्त वरचं दूध असेल तर सहा. सहा आठवड्यांनंतर डोस बदलतो, तो एआरटी केंद्रातून लिहून घ्यायचा. आईला एचआयव्ही-2 (या विषाणूचा दुसरा प्रकार) असेल तर नेव्हिरॅपिन त्यावर चालतच नाही. त्या बाळाला झिडोव्हुडिन. आईच्या रिपोर्टवर 1 लिहिलंय की 2, हे म्हणून आधीच बघून ठेवावं.

दूध: एक काहीतरी ठरवा

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, किंवा फक्त वरचं. दोन्ही मिळून कधीच नाही. कारण असं की बाळाच्या आतड्याचं अस्तर कोवळं असतं. पाणी, गाईचं दूध, मध यांनी ते चुरचुरतं, जंतुसंसर्ग होतो, आणि त्याच वाटेनं आईच्या दुधातले विषाणू आत शिरतात. नुसत्या अंगावरच्या दुधानं ते अस्तर शाबूत राहतं.

‘मी फक्त अंगावरच पाजते’ असं सांगणाऱ्या घरात काय काय दिलं जातं, ते एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. जन्मल्या जन्मल्या मध किंवा गुळाचं पाणी? चीक काढून टाकला का? बाळगुटी उगाळता का. जायफळ, वेखंड, हळकुंड? उन्हाळ्यात उकळलेलं पाणी? ग्राइप वॉटर? आजीच्या लेखी गुटी हे खाणं नव्हेच, ते औषध. म्हणून ‘वरचं काही देऊ नका’ या वाक्यात तिला गुटी ऐकू येत नाही. गुटीवर टीका करत बसू नये. ‘सहा महिने गुटी बंद, डॉक्टरांचं औषध चालू आहे, दोन्ही एकत्र चालत नाही’ असं सांगितलं की आजीचा मानही राहतो आणि एचआयव्हीचा उल्लेखही टळतो. टाळू भरा, शेक द्या, मालिश करा. तोंडातून मात्र दूध आणि लिहून दिलेलं औषध, एवढंच.

वरचं दूध निवडायचं तर सहा महिने पुरेल एवढा पैसा, रोज उकळायला स्वच्छ पाणी, रात्री-अपरात्री चूल किंवा गॅस, आणि ‘अंगावर का पाजत नाहीस?’ या प्रश्नाला उत्तर, हे सगळं हवं. नळाला तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात जुलाबानं बाळ दगावण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा मोठा ठरतो. त्यामुळे गोळ्या नीट घेणाऱ्या आईला गावात अंगावर पाजण्याचाच सल्ला योग्य.

स्तनाग्राला भेगा पडल्या किंवा गळू झालं तर त्या बाजूचं दूध पिळून टाकून द्यायचं आणि दुसऱ्या बाजूनं पाजायचं. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे किंवा फोड असतील तर लगेच दाखवायचं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू. बाळाचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर वर्षापर्यंत पाजून मग महिनाभरात हळूहळू तोडायचं. कडुनिंब लावून एका रात्रीत तोडलं की स्तन दाटतात, दुधातले विषाणू वाढतात, आणि आईला दया येऊन मध्येच पुन्हा पाजलं जातं. बाळ पॉझिटिव्ह असेल तर दोन वर्षांपर्यंत पाजावं. पाजणं सुरू आहे तोवर आईची एकही गोळी चुकता कामा नये. सव्वा महिन्यानंतर कामाला जुंपलेली बाई स्वतःच्या गोळ्या विसरते, बाळाच्या नाही.

सहावा आठवडा आणि पुढे

दीड महिन्याच्या लसीला बाळ येतंच. त्याच दिवशी डीबीएस, म्हणजे कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांची तपासणी. आईनं बाळाला पाय खाली लोंबतील असं धरायचं, टाच कोमट फडक्यानं गरम करायची, टाचेच्या कडेला टोचायचं, मध्यभागी नाही. पहिला थेंब पुसायचा. टाच पिळली की रक्ताबरोबर पाणी येतं आणि नमुना बाद होतो. कार्डावरची पाचही वर्तुळं प्रत्येकी एकाच मोठ्या थेंबानं भरायची, थेंबावर थेंब टाकायचा नाही, वर्तुळाला बोट लावायचं नाही. कार्ड आडवं ठेवून सावलीत किमान चार तास वाळवायचं, पंख्याखाली किंवा उन्हात नको, मगच ओल शोषणाऱ्या पुड्या घालून झिप पिशवीत. पावसाळ्यात वेळ जास्त लागतो. ओलं कार्ड पिशवीत गेलं तर बुरशी येते, आणि बाळाला पुन्हा टोचावं लागतं.

त्याच दिवसापासून कोट्रिमोक्सॅझोल, रोज एकदा. 5 मिलिमध्ये 40 मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असलेलं सिरप असेल तर पाच किलोखालच्या बाळाला 2.5 मिलि, पाच ते दहा किलोला 5 मिलि. कमी धोक्याच्या बाळाचं नेव्हिरॅपिन याच दिवशी थांबतं, आणि इथं घोटाळा होतो: घरचे म्हणतात एक सिरप बंद झालं म्हणजे औषध संपलं. जुनी बाटली परत घ्या, नवी हातात द्या. नेहमीच्या लसी सगळ्या वेळेवर.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर दुसरा नमुना घेतात, पण त्याची वाट न बघता बाळाची एआरटी सुरू होते. निगेटिव्ह आला तरी पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासणी, आणि पाजणं बंद केल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा. मध्येच खासगी लॅबमध्ये साधी एचआयव्ही तपासणी करून घेऊ नये. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे निरोगी बाळाचाही रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतो आणि घरात हलकल्लोळ माजतो.

अठरा महिने पूर्ण झाल्यावर आयसीटीसीत शेवटची तपासणी, तीच मोठ्यांसारखी, वेगवेगळ्या किटवर. पाजणं तुटून सहा आठवडे झालेले नसतील तर ती तारीख तेवढी पुढे ढकलायची. ती निगेटिव्ह आली की त्या दिवशी कोट्रिमोक्सॅझोलची बाटली बंद. आईची टीएलडी चालूच.